बेचाळीस ते सत्तेचाळीस

फराळाच्या ताटासोबत हा अंक उघडला असेल, तर ताट बाजूला सारू नका. दिवाळीच्या चार दिवसांतल्या चकल्यांनी कुणाला मधुमेह होत नाही. तो होतो वर्षाच्या उरलेल्या दिवसांतल्या जेवणाने, बसून काढलेल्या संध्याकाळींनी, आणि बराचसा आजोबा-पणजोबांकडून न मागता मिळालेल्या वारशाने. मला लिहायचंय ते मधुमेहाच्या अलीकडच्या अंगणाबद्दल. तिथे आपल्यातले बरेच जण उभे आहेत आणि बहुतेकांना ते ठाऊकही नाही.

"काही नाही गं, बॉर्डरलाइन आहे." मंडळाच्या कार्यक्रमांत, मुलांच्या वाढदिवसांना, मराठी शाळेच्या दाराशी हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजणं सोडलं. बॉर्डरलाइन म्हणजे आपण 'काठावर पास' असं समजतो. मी शाळेत शिकवत होते तेव्हा पस्तीस मार्क मिळवून सुटलेली मुलं ज्या आनंदाने घरी जायची, त्याच आनंदाने आपली मोठी माणसं जीपीचा मेसेज वाचतात आणि पुसून टाकतात.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. इथल्या रिपोर्टवर एचबीए१सी नावाची एक ओळ असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते; किती चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हा आकडा ४२ च्या आत असला तर ठीक. ४८ किंवा वर असला तर मधुमेह, आणि लक्षणं नसतील तर पुन्हा एकदा तपासून मगच तसं म्हणतात. मधला ४२ ते ४७ हा आपला बॉर्डरलाइनचा पट्टा. भारतातली लॅब हाच हिशोब टक्क्यांत देते, म्हणून पुण्याच्या आईचा आणि इथल्या मुलाचा रिपोर्ट शेजारी ठेवला की गोंधळ होतो. ४२ म्हणजे ६ टक्के, ४८ म्हणजे ६.५, ५३ म्हणजे ७. बोटातून तपासलेल्या साखरेचंही तसंच: इथल्या आकड्याला १८ ने गुणलं की तिकडचा आकडा मिळतो, इथले ७ म्हणजे तिकडचे १२६. अमेरिकेतल्या बहिणीला ५.७ टक्क्यांनाच 'प्रीडायबेटिस' सांगितला आणि तुम्हाला ५.९ ला काहीच सांगितलं नाही, तर तिचे डॉक्टर घाबरट आणि तुमचे निष्काळजी असं काही नाही. दोन देशांनी रेघ वेगवेगळ्या ठिकाणी ओढली आहे. आणखी एक गोष्ट आपल्या बायकांसाठी: रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता, आपणच का? लंडनच्या पश्चिमेला साउथॉल आहे, आपण किराणा आणि साड्यांसाठी जातो ते. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथे आणि आसपासच्या भागात डॉ. पॉल मॅकीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मध्यमवयीन माणसांच्या तपासण्या केल्या. १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: दक्षिण आशियाई लोकांत मधुमेह १९ टक्के, युरोपियनांत ४ टक्के. वजनात दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. फरक होता पोटाच्या घेरात. याच लोकांचा पुढे वीस वर्षं मागोवा घेतला गेला आणि २०१२ मध्ये कळलं की वयाच्या ऐंशीपर्यंत आपल्यासारख्यांपैकी साधारण निम्म्यांना मधुमेह झालेला असतो. गोऱ्यांमध्ये पाचातल्या एकाला.

या कोड्याचा एक मोठा धागा पुण्याचा आहे, आणि तो इथल्या मराठी घरांत फारसा माहीत नाही याचं मला नवल वाटतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर लिहिला आणि सोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय जवळपास एकच, २२ च्या घरात. म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही सडपातळ. पण यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाबद्दल मिश्कीलपणे लिहिलं होतं की रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठायला धावणं, एवढाच तो. पण सगळा दोष लिफ्टचा नाही. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं सुमारे ३.५. गावाकडची बाळं सगळ्याच बाबतीत लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. हाडं-स्नायू कमी आणि चरबी टिकवून धरलेली, अशी आपली घडण आईच्या पोटातच सुरू होते. तेव्हा "तो तर काडीपैलवान आहे, त्याला कसली शुगर" हे वाक्य आपल्यापुरतं तरी रद्द करायला हवं.

म्हणूनच इथली मार्गदर्शक तत्त्वं आपल्यासाठी वेगळी आहेत. बाकीच्यांना बीएमआय २५ पासून जपायला सांगतात, आपल्याला २३ पासून. पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांचा ८० च्या आत हवा. आणि इंग्लंडमध्ये सर्वांसाठीचा हेल्थ चेक चाळिशीपासून दर पाच वर्षांनी असला, तरी मधुमेहाचा धोका तपासताना दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांचा विचार पंचविशीपासून करावा असं नाइस या संस्थेनं स्पष्ट सांगितलं आहे. पण पंचविशी ते चाळिशीच्या माणसाला घरी पत्र येत नाही. त्याने स्वतः जीपीकडे जाऊन विचारावं लागतं. आणि आपल्यातली सगळ्यात जास्त कुटुंबं नेमकी याच वयाची, नोकरीच्या व्हिसावर आलेली. माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्याचा अधिभार आगाऊ भरायचा आणि जीपीकडे नावसुद्धा नोंदवायचं नाही, अशी घरं मला माहीत आहेत. एरवी आपण एका पौंडाच्या पार्किंगसाठी दोन गल्ल्या मागे गाडी लावतो.

बॉर्डरलाइनच्या पट्ट्यात असणं हे खरं तर नशीबच म्हणायचं, कारण काही करता येतं ते इथेच. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं, एवढं लक्ष्य देऊन माणसांना सतत शिकवत राहिलं तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. "ते अमेरिकन, आपल्याला कसं लागू होणार" असं म्हणणाऱ्यांसाठी चेन्नईचा प्रयोग आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे खाण्यात आणि चालण्यात केलेल्या बदलांनी प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. गंमत अशी की तिथल्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. काटा हलत नाही म्हणून तिसऱ्या आठवड्यात चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

इंग्लंडमध्ये एनएचएसने २०१६ पासून याच धर्तीवर मोफत वर्ग सुरू केले. नऊ महिने, किमान तेरा तासिका, जीपीने पाठवायचं. जमत नसेल तर फोनवरून करण्याचाही पर्याय आहे. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ताळा केला तेव्हा, ज्यांना या वर्गासाठी पाठवलं गेलं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण न पाठवलेल्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसलं; वर्ग पुरा करणाऱ्यांत त्याहून बरंच कमी.

आमच्या घरी हे पत्र आलं ते नवऱ्याच्या चाळिशीनंतरच्या हेल्थ चेकमुळे. आकडा ४४. वर्ग भरायचा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, गुरुवारी संध्याकाळी. एक निवृत्त गुजराती काका, एक पंजाबी बाई, दोन-तीन इंग्रज, एक पोलिश ड्रायव्हर. शिकवणारी मुलगी तरुण होती, आणि पहिल्या दिवशी तिने काहीच शिकवलं नाही. प्रत्येकाला विचारलं: हा आकडा कळला तेव्हा तुमच्या मनात काय आलं? नवऱ्याने घरी येऊन हे नाराजीने सांगितलं, "नुसत्या गप्पा." मला मात्र ती मुलगी तिथेच आवडली. मुलाला आधीपासून काय वाटतं ते समजून न घेता फळ्याकडे वळणारा शिक्षक फार पुढे जात नाही. इथल्या मधुमेहींसाठी लेस्टरमध्ये तयार झालेल्या 'डेसमंड' या वर्गाची रचनाही याच तत्त्वावर आहे: व्याख्यान नाही, माणसाने आपलं आपण बोलून शोधायचं. बीएमजेमध्ये २००८ साली त्याचा अभ्यास आला. वर्ग केलेल्यांची आजाराबद्दलची समज वाढली, वजन जास्त उतरलं, सिगारेटी कमी झाल्या. पण एचबीए१सीत वर्ग न केलेल्यांपेक्षा ठळक फरक पडला नाही. सहा तासांच्या शिकवण्यात आयुष्यभराची सवय बदलत नाही, हे कुठल्याही मास्तराला सांगायची गरज नाही.

दुसऱ्या आठवड्याला गृहपाठ मिळाला: आठवडाभराचं जेवण लिहून आणा. नवऱ्याने लिहिलं, 'पोळी-भाजी, वरण-भात'. सातही दिवस. त्या मुलीने विचारलं, वरण किती घट्ट? भाजीत तेल किती? तांदूळ वाटीभर की मूठभर? आणि या गृहस्थांनी वर्गात सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "बायकोला विचारून सांगतो."

माझ्या मते सगळ्या जनजागृतीची मेख इथे आहे. पत्र ज्याच्या नावाने येतं तो वर्गात बसतो. तेल किती पडतं हे जिला माहीत आहे ती घरी कणीक मळत असते. (आता कित्येक घरांत पुरुष स्वयंपाक करतात हे मला मान्य आहे. आमच्याकडेही रविवारची अंडाकरी त्यांचीच.) तिसऱ्या तासिकेपासून मी सोबत जायला लागले. कुणी हरकत घेतली नाही. उलट गुजराती काकाही पुढच्या वेळी काकूंना घेऊन आले, आणि त्या दिवसापासून वर्गात खरी चर्चा सुरू झाली, कारण काकूंनी पहिल्याच दहा मिनिटांत काका दुपारी चोरून काय खातात ते सांगून टाकलं.

ही गोष्ट संशोधकांनाही सुचलेली आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा आणि ग्लासगोच्या भारतीय-पाकिस्तानी घरांत 'पोडोसा' नावाचा एक प्रयोग झाला. १७१ माणसं, सगळी बॉर्डरलाइनवरची. तिथे माणसाला वर्गात बोलावलं नाही. आहारतज्ज्ञ तीन वर्षांत पंधरा वेळा त्यांच्या घरी गेल्या आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही शिकवण्यात सामील करून घेतलं. ज्यांच्या घरी चारच भेटी झाल्या त्यांच्यापेक्षा या लोकांचं वजन सरासरी १.६४ किलो कमी राहिलं. हा आकडा वाचून तुम्ही हसाल, मीही हसले होते. मधुमेह किती जणांचा टळला हे छातीठोकपणे सांगण्याइतका प्रयोग मोठाही नव्हता. पण तीन वर्षांत आपलं वजन एरवी कुठल्या दिशेला जातं ते आठवा, म्हणजे त्या दीड किलोची किंमत कळेल.

तिथूनच आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवातल्या त्या टेबलाची कल्पना आली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: हॉलच्या दाराशी, चपला काढतात तिथे, आम्ही चौघी, मंडळातल्या एक डॉक्टर मावशी आणि एक फार्मासिस्ट दादा असे शिंप्याकडची असते तसली टेप घेऊन बसलो होतो. डायबेटिस यूके या संस्थेची धोका मोजायची सात प्रश्नांची यादी आहे: स्त्री की पुरुष, वय, वंश, घरात कुणाला मधुमेह आहे का, पोटाचा घेर, बीएमआय, रक्तदाब. ती आम्ही मराठीत लिहून काढली होती. (ही संस्था १९३४ मध्ये दोन मधुमेहींनीच स्थापन केली: डॉ. आर. डी. लॉरेन्स आणि कादंबरीकार एच. जी. वेल्स. आपल्या आजाराबद्दल रुग्णाला स्वतःला सगळं कळलं पाहिजे ही कल्पना तेव्हापासूनची.) रक्त तपासायचं नाही, हे डॉक्टर मावशींनी आधीच ठरवून टाकलं होतं. दोन मोदक खाऊन आलेल्या माणसाच्या बोटातली साखर पाहून काय कळणार? आम्ही फक्त टेप लावायची, आणि गुण जास्त आले तर चिठ्ठीवर 'जीपीकडे एचबीए१सी मागा' एवढंच लिहून द्यायचं.

टेप कुठे लावायची हेच अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. पट्टा बांधतो तिथे नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पुरुषमंडळी श्वास सोडायला तयार होईनात. चौतिशीचा एक मुलगा, चांगला उंच, शिडशिडीत म्हणावा असा. "माझी पँट बत्तीसची आहे, ताई," म्हणाला. बत्तीस इंच म्हणजे ८१ सेंटिमीटर. टेपवर ९२ भरले. पँट पोटाच्या खाली बसते, पोट तिच्या वर राहतं. तो दोनदा मोजून घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात जीपीकडे जाऊन तपासणी मागितली. आकडा ४६. ते टेबल नसतं तर त्याला पहिलं पत्र आणखी सहा वर्षांनी आलं असतं.

टेबलावर सगळे खूश होते. वाद झाला तो महाप्रसादावरून. आमची सूचना साधी होती: काउंटरवर कोशिंबीर आणि मटकीची उसळ पहिली ठेवा, भात शेवटी. ताट रिकामं असताना जे समोर येतं तेच माणूस जास्त वाढून घेतो. पुऱ्यांऐवजी पोळ्या, आणि दोन गोडांऐवजी एक. "हा प्रसाद आहे, डाएट नव्हे," असं एका ज्येष्ठ काकांनी मीटिंगमध्ये ठणकावलं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. सणाच्या दिवशी माणसाला मापात ठेवायला निघालं की माणूस सणच टाळतो. पण वॉरविकशायरमध्ये 'अपनी सेहत' नावाच्या उपक्रमाने गुरुद्वाऱ्यातल्या मंडळींना बरोबर घेऊन लंगरमधलं तूप-तेल कमी करायला लावलं होतं, आणि लंगरपेक्षा पवित्र जेवण कुठलं? शेवटी तडजोड झाली. मोदक राहिले, जिलबी गेली. उसळ पहिली आली आणि पहिली संपली. पुऱ्या मात्र तशाच आहेत, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी भांडू.

घरच्या स्वयंपाकात मी काय बदललं असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून थोडं त्याबद्दल. सगळ्यात आधी तेल. पळी-पळी मोजत बसण्यापेक्षा तेलाच्या कॅनवर आणल्याची तारीख लिहा आणि संपल्यावर घरातल्या माणसांनी भागा. पहिल्या महिन्याचा आकडा कुणाला सांगू नये असा असतो. टेबलस्पूनभर तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. फोडणीला एक पुरतो, आपण तीन घालतो. दुसरं, वरण. ते भातावर ओतायची पातळ गोष्ट न राहता वाटीने खायची घट्ट गोष्ट झाली, की भात आपोआप कमी लागतो. त्या वर्गातला 'ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग प्रथिनं, पाव भाग धान्य' हा हिशोब आपल्या ताटाला बसत नाही असं वाटतं, पण कोशिंबीर आणि पालेभाजी चमचाभर वाढायची सवय सोडली तर छान बसतो. आपल्या ताटाची रचना वाईट नाहीच. डावी बाजू लहान आणि मधली मोठी झाली, एवढंच.

गुळाबद्दल मात्र मला कुणाशी गोड बोलता येत नाही. गूळ, मध, खजूर, 'नैसर्गिक' साखर, रक्तात गेल्यावर सगळ्यांचा पत्ता एकच. भाकरीचंही तसंच. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण भाकरी आहे म्हणून चार खाल्ल्या तर ते चार भाकऱ्यांचंच पीठ. आणि उपवास! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात बटाटा, सोबत वऱ्याचे तांदूळ, वर रताळ्याचा कीस. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना एचबीए१सी ठाऊक नव्हता, पण निदान अचूक होतं. आमच्या घरी चतुर्थीला आता खिचडी अर्धी वाटी, दाण्याची आमटी आणि काकडी भरपूर, असं चालतं. गणपतीने अजून तक्रार केलेली नाही.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या व्हिडिओंबद्दल विचारल्याशिवाय कुणी मला सोडत नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांकडून घेतलेला त्यांचा मुद्दा सर्वांना माहीत आहे: दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा, मध्ये काही नाही, आणि चाला. मला त्यांचं एक मोठं काम वाटतं ते असं, की त्यांनी इन्शुलिन आणि एचबीए१सी हे शब्द मराठी ओट्यावर आणून ठेवले, फुकट आणि आपल्या भाषेत. माझ्या सासूबाईंना हे शब्द इथल्या कुठल्याही पत्रकातून कळले नसते. पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना फॉरवर्ड वाचून एकदम जेवण सोडलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. अशा माणसांनी आधी डॉक्टरांशी बोलून गोळ्यांचं माप बदलून घ्यायचं, मग प्रयोग करायचा.

व्यायामाबद्दल थोडंच. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये ४१ मधुमेहींवर पाहिलं: दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहते. यालाच आपल्याकडे शतपावली म्हणतात. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, बाहेर बर्फाळ पाऊस, हे सगळं खरं. आम्ही जिन्यावर आणि हॉलमध्ये घालतो. मुलं मोजतात.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसले ती गोष्ट. आपल्या मंडळात दरवर्षी चार-पाच डोहाळजेवणं होतात. दक्षिण आशियाई असल्यामुळे आपल्या मुलींची गरोदरपणात चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोज पिऊन तपासणी होते, आणि काहींना गरोदरपणातला मधुमेह निघतो. तेवढे महिने ती मुलगी आदर्श विद्यार्थिनी असते. दिवसातून चार वेळा बोट टोचते, वहीत लिहिते. बाळ झालं की साखर खाली येते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि डिंकाचे लाडू सुरू होतात. पण लेस्टरच्याच संशोधकांनी २०२० मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या जवळपास दसपट असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा ते तेरा आठवड्यांत एक तपासणी, आणि त्यानंतर दरवर्षी एक, कायमची. ती कुणी विसरायची? बाळाच्या लशी, नर्सरीची वेटिंग लिस्ट, व्हिसाचं नूतनीकरण, या सगळ्यात आईचं रक्त शेवटच्या ओळीत जातं.

आपल्यातली एक मैत्रीण मला परवानगी देऊन हे लिहू देते आहे, नाव न घालण्याच्या अटीवर. मुलगी आता पाच वर्षांची आहे. तपासणी एकदाही झालेली नाही. माहेरी सांगितलं नव्हतं, कारण आईने म्हटलं असतं, "कुणाजवळ बोलू नकोस, धाकटीचं लग्न ठरायचंय." सासरी सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घराण्यात कुणाला नाही, हे ऐकावं लागलं असतं. गणेशोत्सवात टेबलाशी ती आली ती सगळे जेवायला गेल्यावर, आणि सात प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर न देता म्हणाली, "यात माझा प्रश्नच नाहीये."

खरंच नाही. ती यादी सगळ्यांसाठी केलेली असल्याने तिच्यात बाळंतपणाचा प्रश्न येत नाही. आता आम्ही मराठी कागदावर तो आठवा म्हणून लिहिला आहे. हळदीकुंकवाला जानेवारीत टेबल पुन्हा लागेल, या वेळी बायकांच्या खोलीत, पडदा लावून. डॉक्टर मावशींनी दोन तास द्यायचं कबूल केलंय. ज्यांना मंडळात विचारायचा संकोच वाटतो त्यांनी जीपीच्या रिसेप्शनला फोन करून एवढंच सांगायचं: गरोदरपणात मधुमेह होता, वार्षिक एचबीए१सी हवा आहे. कारणं द्यायची गरज नाही. गरोदरपणात मधुमेह होऊन गेलेल्या बाईला, आताचा आकडा ४२ च्या आत असला तरी, त्या नऊ महिन्यांच्या वर्गासाठी पाठवता येतं, तेही विचारावं.

मैत्रिणीची वेळ भाऊबिजेनंतरच्या मंगळवारी सकाळी नऊची आहे. तिच्या मुलीला शाळेत मी सोडणार आहे.